मुलांच्या मनाचं डॉक्टरकीचं शिक्षण फारसं कुठं मिळत नव्हतं, तेव्हा या माणसानं ते सुरू केलं

राजारामपुरीच्या मेन रोडवरून कुठल्याही गल्लीत वळा, एखाद्या डॉक्टरची पाटी दिसतेच. कान, डोळे, हाडं, हृदय, सगळ्यांचे स्पेशालिस्ट. पण चार वर्षांचं पोर बोलत नाही, नजर देत नाही, एकाच चाकाकडं तासभर बघत बसतं, त्याला कुणाकडं न्यायचं? बहुतेक आईबाप आधी मुलांच्या डॉक्टरकडंच जातात.

हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या कामाला आली. नाव लिओ कॅनर.

जन्म १८९४ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या क्लेकोटूव्ह या खेड्यातला. घर ज्यू. पोराला कवी व्हायचं होतं, पण कविता कुणी छापेना, म्हणून गडी बर्लिनला डॉक्टर झाला. तिथं काम करायचा ते हृदयाच्या आलेखांवर, म्हणजे ईसीजीवर. मानसोपचाराशी संबंध नाही.

पुढं जर्मनीत महागाईनं कहर केला. ओळखीच्या एका अमेरिकन डॉक्टरच्या मदतीनं कॅनर १९२४ मध्ये अमेरिकेत पोचले आणि साऊथ डकोटातल्या यांक्टन गावच्या मनोरुग्णालयात नोकरीला लागले. मानसोपचार ते तिथं, काम करता करता शिकले. १९२८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अ‍ॅडॉल्फ मायर यांच्या हाताखाली संधी मिळाली.

आणि १९३० मध्ये खरी गोष्ट घडली. कोल्हापुरात तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांची कारकीर्द चालू होती, ज्यांच्या नावानं आपली राजारामपुरी आहे. तिकडं मायर आणि बालरोगतज्ज्ञ एडवर्ड्स पार्क यांनी कॅनरना मुलांसाठी मानसोपचार विभाग काढायला सांगितलं. तो विभाग मनोरुग्णालयात नव्हता, तर मुलांच्या साध्या दवाखान्यात होता. जिथं ताप, खोकला, जुलाबाची पोरं येतात, तिथंच.

हे वाटतं तेवढं किरकोळ नाही. मनोरुग्णालयाची पायरी चढायला आजही लोक कचरतात. शिवाय बालरोग शिकणारे तरुण डॉक्टर आणि मानसोपचार शिकणारे तरुण डॉक्टर एकाच पोराला एकत्र बघू लागले. त्यांना वाचायला इंग्रजीत धड पुस्तक नव्हतं, तर १९३५ मध्ये कॅनरनी तेही लिहिलं. नाव सरळ, चाइल्ड सायकियाट्री.

कॅनर नुसते पुस्तकी नव्हते. मतिमंद मुलींना संस्थेतून कोर्टामार्फत सोडवून श्रीमंतांच्या घरी मोलकरीण म्हणून लावायचं, असा धंदा मेरीलँडमध्ये अनेक वर्षं चालू होता. कॅनरनी अशा सुटलेल्या शंभराहून अधिक जणांचा माग काढला. कितीतरी जणी पुढं रस्त्यावर आल्या होत्या. १९३० च्या दशकात त्यांनी हे सगळं डॉक्टरांच्या सभेत उघड केलं. हिटलरच्या तावडीतून अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणायलाही त्यांनी हातभार लावला.

१९३८ मध्ये मिसिसिपीहून पाच वर्षांचा डोनाल्ड त्यांच्याकडं आला. त्याच्या वडिलांनी आधीच ३३ पानांचं पत्र पाठवलं होतं. तसलीच आणखी मुलं दिसली आणि १९४३ मध्ये अकरा मुलांवरचा तो प्रसिद्ध लेख आला. ऑटिझमची वेगळी ओळख तिथून झाली.

आता चुकीकडं येऊ. हा प्रकार जन्मजात असावा, असं कॅनरनी त्याच लेखात लिहिलं होतं. पण पुढं आईबापांच्या थंडपणावरही त्यांनी बोट ठेवलं. मग इतरांनी ते इतकं ताणलं, की जगभरातल्या आया स्वतःला दोषी समजू लागल्या. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून कॅनरनी आईबापांना दोषमुक्त केलं. तोवर निम्मी पिढी त्या ओझ्याखाली गेली होती, हे मात्र विसरता येत नाही.

१९५९ मध्ये कॅनर निवृत्त झाले. त्याच वर्षी अमेरिकेत बाल मानसोपचाराला वेगळी, परीक्षा घेऊन द्यायची मान्यता मिळाली. १९८१ मध्ये ते गेले. डोनाल्ड बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून २०२३ पर्यंत जगला.

आपल्याकडं मुंबईत टाटा संस्थेनं, म्हणजे आजच्या टिसनं, १९३७ मध्येच बाल मार्गदर्शन केंद्र काढलं होतं. डॉक्टरांसाठीचं खास शिक्षण बऱ्याच उशिरा आलं. आज एमबीबीएस, मग मानसोपचारात एमडी आणि त्यानंतर तीन वर्षांचं डीएम, असा बाल व किशोर मानसोपचाराचा रस्ता आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तो शिकवला जातो. जागा मात्र मोजक्या. त्यामुळं राजारामपुरीतलं ते न बोलणारं पोर आजही आधी मुलांच्या डॉक्टरच्याच बाकावर बसलेलं असतं, आणि पुढं कुठं पाठवायचं ते त्या डॉक्टरलाच ओळखावं लागतं.