सुलतान सुलेमान आणि हातांची जबान

तुर्की मालिकांमुळे सुलतान सुलेमान हे नाव आता आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत झालं आहे. तख्त, लढाया, हुर्रम सुलतान, महालातली कारस्थानं, सगळं आपण पाहिलं. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. ज्यांना ऐकू येत नाही, अशा माणसांची भाषा त्यांच्या दरबारात मानाने वापरली जात होती.

सुलेमान यांचा जन्म १४९४ साली काळ्या समुद्राच्या काठी, त्राब्झोन इथे झाला. वालिद सुलतान सलीम, वालिदा हफ्सा सुलतान. १५२० मध्ये वालिदांचा इंतकाल झाला आणि पंचविसाव्या वर्षी ते तख्तावर बसले. पुढच्या वर्षी बेलग्रेड, १५२२ मध्ये रोड्स बेट आणि १५२६ मध्ये मोहाचची लढाई त्यांनी जिंकली. युरोपने त्यांना वैभवशाली म्हटलं, पण त्यांच्या स्वतःच्या लोकांनी नाव दिलं कानूनी, कारण सल्तनतीचे कायदे त्यांनी नीट बसवले. मुहिब्बी या तखल्लुसने ते शायरीही करायचे.

इतक्या मोठ्या बादशहाचं घर म्हणजे इस्तंबूलचा तोपकापी महाल. त्याच्या आतल्या भागात कडक शांतता पाळली जायची. सुलतानासमोर मोठ्याने बोलणं तर सोडाच, आपसात कुजबुजणंही बेअदबी समजत. मग कामं चालायची कशी? शेकडो माणसं, रोजची हजार कामं. आवाज न करता बोलता येईल अशी भाषा हवी होती, आणि ती महालातल्या बहिऱ्या सेवकांकडे तयार होती.

या सेवकांना तुर्कीत ‘दिलसिझ’ म्हणत. आपण उर्दूवाले ‘दिल’ म्हटलं की हृदय समजतो, पण तुर्कीत दिल म्हणजे जीभ, भाषा. दिलसिझ म्हणजे बेजबान. गंमत बघा, ज्यांना बेजबान म्हटलं, त्यांचीच जबान दरबाराने उचलली! बहिरे लोक महालात सुलेमान यांच्या आधीपासून होते. पण नंतरच्या नोंदींमध्ये असं सांगितलं जातं, की दोन बहिऱ्या भावांना इशाऱ्यांनी बोलताना सुलेमान यांनी पाहिलं, ती पद्धत त्यांना अदबशीर वाटली आणि आतल्या सेवकांनीही ती शिकावी असं त्यांनी ठरवलं.

हे इशारे म्हणजे फक्त ‘ये’, ‘जा’, ‘पाणी आण’ एवढंच नव्हतं. जुने दिलसिझ नव्यांना शिकवत. सगळे एकत्र राहत असल्यामुळे भाषा वाढत गेली. किस्से-कहाण्यासुद्धा त्यात सांगता येत, असं महाल पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. पुढच्या शतकात तर खुद्द सुलतान ही भाषा वापरत.

त्याच काळात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेओन नावाचा एक पाद्री अमीर घराण्यातल्या बहिऱ्या मुलांना तोंडाने बोलायला शिकवत होता. मेहनत मोठीच होती. पण तिथे बहिऱ्याने ऐकणाऱ्यांसारखं व्हायचं होतं. इस्तंबूलच्या महालात मात्र ऐकणारे बहिऱ्यांची भाषा शिकत होते. शिक्षक म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ती इतिहासाशी बेइमानी होईल. बहिऱ्यांना गुप्त बोलणं ऐकू जात नाही, म्हणून त्यांच्यावर भरवसा टाकला जाई आणि याच भरवशापोटी त्यांच्याकडून भयंकर कामंही करून घेतली गेली. १५५३ मध्ये सुलेमान यांनी आपला मुलगा शहजादा मुस्तफा याला तंबूत बोलावून गळा आवळून मारवलं. त्या काळच्या वर्णनांनुसार हे काम दिलसिझांनीच केलं. हुकूम बापाचा, हात त्यांचे. आणि बदनामी? ती मात्र बहिऱ्यांच्या वाट्याला आली. युरोपच्या पुस्तकांत कितीतरी वर्षं ते फक्त मुके जल्लाद म्हणून उरले.

१५६६ मध्ये हंगेरीतल्या सिगेतवारच्या वेढ्यात सुलेमान यांचा इंतकाल झाला. फौजेत गडबड होऊ नये म्हणून वजीर सोकुल्लू मेहमेद पाशा यांनी ती खबर कित्येक दिवस दाबून ठेवली. ४६ वर्षं राज्य केलेला हा बादशहा इस्तंबूलमध्ये सुलेमानिया मशिदीच्या आवारात दफन आहे. ती मशीद मिमार सिनान यांनी बांधली.

एक सवाल मात्र राहतो. महालात भाषेला मान मिळाला, पण महालाबाहेरच्या गरीब बहिऱ्या मुलाचं काय? त्याच्यासाठी इस्तंबूलमध्ये शाळा निघाली ती १८८९ साली, सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या काळात. म्हणजे सुलेमान यांच्यानंतर तीनशेहून जास्त वर्षांनी.

आपल्या मोहल्ल्यातही असं लेकरू असतं. लग्नात, ईदच्या दिवशी सगळे बोलत असतात आणि ते कोपऱ्यात बसून तोंडं बघत राहतं. आपण म्हणतो, बिचाऱ्याला बोलता येत नाही. खरं तर त्याच्याशी बोलायला आपल्यालाच येत नाही. शंभर इशारे शिकायला किती दिवस लागतात? सुलेमान यांच्या महालातल्या लोकांनी ते शिकून घेतले. आपल्याला का जमू नये?