आशियातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण मुंबईत करणारे डॉ. पी. के. सेन

केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. जगातली सहावी, आशियातली पहिली. आणि तीही महापालिकेच्या केईएम रुग्णालयात.

रुग्ण तीन तासांत दगावला. हृदय बराच काळ आजारी असलं की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढत जातो. दात्याच्या निरोगी हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायची सवय नसते, ते थकतं. इथे तसंच झालं. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही फसला. त्यानंतर भारतात हृदय प्रत्यारोपण यशस्वी व्हायला १९९४ उजाडलं. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा त्याच वर्षी आला आणि दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश मिळालं.

पण सेन यांना फक्त त्या तीन तासांवरून ओळखणं अन्यायाचं आहे. १९१५ मध्ये बंगाली कुटुंबात जन्मलेले, नागपुरात वाढलेले सेन केईएममध्ये शिकले आणि तिथेच हृदय-छाती शस्त्रक्रियेचा विभाग त्यांनी उभा केला. त्या काळात औरंगाबादचं वैद्यकीय महाविद्यालयच मुळी १९५६ मध्ये सुरू झालं. अशा शस्त्रक्रियांसाठी मुंबईसारखं शहरच गाठावं लागे.

येणाऱ्यांत संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेले तरुण पुष्कळ असत. लहानपणी घसा दुखला, औषध मिळालं नाही, पुढे चार पायऱ्या चढल्या तरी धाप. त्यावर एक उपाय होता : धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करायची. हार्ट-लंग मशीन लागत नसे, म्हणून गरीब देशाला तो परवडणारा होता.

सेन यांचं डोकं मात्र याहून पुढे चाले. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या पोकळीतूनही थेट रक्त मिळतं. मग माणसाच्या अडलेल्या हृदयात सुईने बारीक छिद्रं पाडली तर? ही कल्पना त्यांनी १९६५ मध्ये शोधनिबंधातून मांडली. पुढे सुईची जागा लेझरने घेतली आणि अमेरिकेत १९९८ मध्ये त्या उपचाराला मान्यता मिळाली. छिद्रं काही काळाने बुजतात, त्यामुळे फायदा नेमका कशाने होतो यावर वाद राहिला.

सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं. लेझरला मान्यता मिळाली तेव्हा त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली होती.