भिंतीवरचे चित्रधन

नागपंचमीच्या दिवशी अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतून भिंतीवर नागोबाचे चित्र काढून त्याची पूजा करतात. सण सरतो, पुढे भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र नाहीसे होते. आपल्या देशातील कित्येक लोककलांचे आयुष्य असेच एखाद्या सणापुरते किंवा लग्नापुरते असते. भिंतीवर उमटणारी आणि भिंतीबरोबरच पुसली जाणारी अशी चित्रे कागदावर आणून नव्या घरांपर्यंत पोहोचविण्यास ज्यांनी हातभार लावला, त्या चित्रकाराचे नाव भास्कर कुलकर्णी.

भास्कर कुलकर्णी मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करीत. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचे विणकर हतबल झाले होते. त्यांच्या साहाय्यासाठी भारत सरकारने हे केंद्र १९५६ साली स्थापन केले. साड्यांचे जुने काठ, ठशांची वेलबुट्टी, पारंपरिक नक्षी ह्यांचा अभ्यास करून आजच्या माणसाला रुचेल असे रूप त्यांना तेथे देत असत. अनेक नामवंत चित्रकारांनी तेथे काम केले. अकोल्यास जन्मलेले अंबादास खोब्रागडे हे त्यांपैकीच एक. जुने ते नुसते जपून ठेवायचे नसते, ते वापरात आणले तरच जगते, हे ह्या केंद्राच्या कामाचे सूत्र होते. भास्कर कुलकर्णींच्या पुढील कार्यातही तेच दिसून येते.

१९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. शेते करपली आणि घराघरांत अन्नाची टंचाई झाली. तेथील मिथिला प्रांतात लग्नाच्या वेळी वधूवरांच्या खोलीच्या भिंती रंगविण्याची जुनी प्रथा आहे. ह्या खोलीस कोहबर म्हणतात. कमळ, वेळू, मासे, पोपट अशा शुभचिन्हांनी घरातल्या स्त्रिया ती सजवितात. १९३४ च्या भूकंपात घरे ढासळली, तेव्हा आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही चित्रे पडली. पुढे १९४९ साली त्याने त्यांवर लेखही लिहिला. परंतु ह्या कलेतून कोणाच्या घरची चूल पेटेल, असे त्या वेळी कोणाच्या मनात आले नव्हते.

दुष्काळाच्या त्या काळात पुपुल जयकर ह्यांनी भास्कर कुलकर्णींना मिथिलेत पाठविले. काम सोपे नव्हते. मुलूख परका होता आणि स्त्रिया पडद्यात राहणाऱ्या होत्या. चित्र काढणे हा त्यांचा कुलाचार होता, व्यवसाय नव्हे. देवाधर्माचे चित्र कागदावर काढून विकावे कसे, असा संकोच अनेकींना वाटणे स्वाभाविक होते. भास्कर कुलकर्णींनी त्यांना चित्रकला शिकविली नाही. त्यांनी त्यांच्या हाती फक्त हातकागद दिला आणि भिंतीवर काढतात तसेच त्यावर काढण्यास सुचविले. हळूहळू स्त्रिया पुढे आल्या. चित्रे दिल्लीस गेली, विकली गेली, आणि मजुरी मिळेनाशी झालेल्या घरांत चार पैसे येऊ लागले. जितवारपूर गावच्या जगदंबादेवींना १९७५ साली, तर सीतादेवींना १९८१ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला.

पुढे भास्कर कुलकर्णींची दृष्टी महाराष्ट्रातील वारली चित्रांकडे वळली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला डहाणू तालुका आज पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथे लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. ह्याच तालुक्यात जिव्या सोमा मशे राहत. लहानपणी आई वारल्याच्या धक्क्याने त्यांनी बोलणेच सोडले होते. मातीत रेघा ओढून ते मनातले सांगत. पुरुष असूनही त्यांना ही कला अवगत होती. भास्कर कुलकर्णींनी त्यांचे गुण ओळखले आणि त्यांना कागद पुरविला. १९७५ साली मशे ह्यांच्या चित्रांचे प्रदर्शन मुंबईत भरले आणि १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१९८३ साली भास्कर कुलकर्णी निवर्तले. आज वारली आणि मिथिला चित्रे शहरांतील दिवाणखान्यांत, पडद्यांवर, भिंतीला लावण्याच्या कागदांवरही दिसतात. त्यांपैकी पुष्कळ यंत्राने छापलेली असतात आणि मूळ कलावंताला त्यांतून काही मिळत नाही. म्हणून हाताने काढलेले चित्र आणि त्याची छापील नक्कल ह्यांतील भेद ओळखणे आता ग्राहकाचेही कर्तव्य झाले आहे.

पूर्वी भिंतीवरच्या चित्राखाली कोणाचेच नाव नसे. कागदावर आल्यावर चित्र काढणाऱ्यांची नावे देशाला कळली. भास्कर कुलकर्णींनी ह्या कलावंतांच्या हातातील कुंचल्याला आपले वळण लावले नाही. त्यांच्या कलेचा मान राखून त्यांनी तिला नवी वाट तेवढी दाखविली.