मेरी क्युरींचा युद्धकाळातील वर्ग

मेरी क्युरी म्हटले की रेडियम आणि दोन नोबेल पारितोषिके आठवतात. पहिल्या महायुद्धात त्यांनी सुमारे दीडशे स्त्रियांना क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून तयार केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१८६७ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या मेरी १८९१ मध्ये शिक्षणासाठी पॅरिसला आल्या. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांची रेडियम इन्स्टिट्यूट नुकतीच उभी राहिली होती आणि तेथील तरुण संशोधक सैन्यात भरती झाले होते. प्रयोगशाळेतील एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीतून रेल्वेने बोर्दोला सुरक्षित पोहोचवून त्या पॅरिसला परतल्या.

गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा शरीरात नेमका कोठे अडकला आहे, हे कळल्याशिवाय शल्यचिकित्सकाला अंदाजाने चाकू चालवावा लागे. क्ष-किरण यंत्रे होती ती शहरांतील मोठ्या रुग्णालयांत, जखमी मात्र आघाडीवर. मेरी यांनी देणगीदारांकडून मोटारी मिळवल्या. त्यांत क्ष-किरण यंत्र, छायाचित्रे धुण्याचे साहित्य आणि मोटारीच्या इंजिनावर चालणारा डायनॅमो बसवला. त्या स्वतः शरीररचनाशास्त्र शिकल्या, मोटार चालवायला आणि दुरुस्त करायलाही शिकल्या. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये १७ वर्षांच्या इरेन या मुलीला घेऊन त्या आघाडीकडे निघाल्या.

अशा २० गाड्या आणि सुमारे २०० स्थायी केंद्रे उभी राहिली. पण यंत्र आले तरी ते चालवणार कोण? म्हणून १९१६ मध्ये त्यांनी रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये स्त्रियांसाठी वर्ग सुरू केला. अनेकींचे विज्ञानाचे शिक्षण जुजबी होते. अभ्यासक्रमात वीज, क्ष-किरण, शरीररचना आणि छायाचित्रण हे विषय होते. त्याला जोड होती प्रत्यक्ष कामाची: यंत्राच्या तारा जोडणे, बिघाड शोधणे, दोन वेगळ्या कोनांतून प्रतिमा घेऊन तुकड्याची खोली काढणे. शिकवायला इरेनही असे. बाहेर पडलेल्या विद्यार्थिनी रुग्णालयांत रुजू झाल्या. युद्ध संपेपर्यंत या सेवेतून दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली.

या वर्गात एक गोष्ट अपुरी राहिली. किरणांनी त्वचा भाजते हे तेव्हा माहीत होते. हातमोजे आणि शिशाचे आडपडदे वापरले जात, पण धावपळीत तेही पुरेसे नसत. शरीराने किती किरण झेलले हे मोजायला सर्वमान्य एककच नव्हते. ते एकक, म्हणजे राँटजेन, १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारले गेले. किरणांपासून संरक्षणासाठीची आंतरराष्ट्रीय समितीही तेथेच स्थापन झाली.

मेरी यांचा ४ जुलै १९३४ रोजी अप्लास्टिक अॅनिमियाने मृत्यू झाला. या आजारात अस्थिमज्जा पुरेशा रक्तपेशी तयार करत नाही. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पँथिऑनमध्ये हलवताना शवपेटीतील किरणोत्सर्ग मोजला गेला. तो अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. त्यामुळे त्यांच्या आजाराला रेडियमपेक्षा युद्धकाळातील क्ष-किरण अधिक कारणीभूत असावेत, असा तर्क तज्ज्ञांनी मांडला. इरेन यांचे १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले.

आज भारतात क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. त्याने झेललेल्या किरणांची नोंद ठरावीक काळाने तपासली जाते. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये आणि कोणत्याही एका वर्षात ३० ची मर्यादा ओलांडू नये, असा नियम आहे. मेरींच्या विद्यार्थिनींना हा बॅज मिळाला नाही. ज्यांना तो मिळाला आहे, त्यांनी तो कपाटात टांगून ठेवू नये. कामाला कमीत कमी वेळ, यंत्रापासून जास्तीत जास्त अंतर आणि मध्ये शिशाचा आडोसा, हे तीन नियम आता प्रत्येक तंत्रज्ञाला पहिल्याच धड्यात शिकवले जातात.