नानांच्या घरचा गाडा

मैत्रिणींनो, क्रांतिसिंह नाना पाटील हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पत्री सरकार, तुफान सेना, इंग्रजांना दिलेला चकवा, एवढं आपल्याला पाठ असतं. मला मात्र नानांविषयी वाचताना दरवेळी त्यांच्या घरच्या चुलीची काळजी वाटते. कर्ता पुरुष असा झोकून देऊन निघून गेला, तर मागे राहिलेल्यांनी खायचं काय?

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. शेतकऱ्याचं घर, अंगानं धिप्पाड गडी. थोडंफार शिकून ते तलाठी झाले. त्या काळी तलाठी म्हणजे गावात केवढा मान! पण डोक्यात सत्यशोधक विचार शिरलेला, त्यात गांधीजींच्या चळवळीची हाक आली. १९३० मध्ये त्यांनी चालती नोकरी सोडली. घरात चार वर्षांची हौसा. तिची आई आदल्याच वर्षी गेलेली. आपल्यापैकी कुणाच्या भावानं असं केलं असतं तर आपण त्याला चार शब्द सुनावलेच असते, खरं सांगा!

पुढची दहा-बारा वर्षं तुरुंगाच्या वाऱ्यांत गेली. सरकारनं घर आणि जमीन जप्त केली. धास्तीपोटी कुणी कामाला बोलवेना. पोर आजीजवळ वाढत होती. शेवटी मामानं बैलजोडी आणि गाडी घेऊन दिली, आणि गूळ, शेंगा, ज्वारी वाहून पोट भरायला लागलं. येडेमच्छिंद्रहून ताकारीला गेलं की तीन रुपये, कराडला गेलं की पाच. हौसाताईंना म्हातारपणीही हे भाड्याचे आकडे तोंडपाठ होते. त्यागी पुरुषाचे पुतळे उभे राहतात हो, पण नातीला सांभाळणाऱ्या त्या आजीचं नाव किती जणांना माहीत असतं?

१९४२ ला नाना भूमिगत झाले. डोक्यावर बक्षीस लागलं, तरी १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. कारण एकच, गावोगावच्या बायाबापड्यांनी त्यांना भाकरी घातली आणि तोंडातून शब्द काढला नाही. १९४३ पासून सातारा भागात प्रतिसरकार चाललं. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी तरुण पोरं सोबत होती. शेणोलीजवळ रेल्वे लुटली ती ७ जून १९४३ ला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरंच काम. गावातले तंटे गावातच मिटवायचे, सावकाराला आवर घालायचा, दारू बंद करायची, बाईच्या वाटेला जाणाऱ्या गुंडाला शिक्षा करायची. शिक्षा कडक असायच्या, हेही खरं.

आणि गांधी लग्नं! हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. हार घातले की लग्न लागलं. आमच्या बचत गटात कर्जाचे अर्ज बघते तेव्हा कारणाच्या रकान्यात लेकीचं लग्न लिहिलेलं असतं, आणि मला हटकून नाना आठवतात. कर्ज काढून लग्न केलं की शेत जातं, हे त्या शेतकऱ्याच्या पोराला पक्कं ठाऊक होतं.

लेकही बापाच्या वळणावर गेली. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर हौसाताईंना मारहाण करण्याचं सोंग एका सोबत्यानं केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. सोंगातला मार मात्र खराच बसला, अशी ताईंची नंतर तक्रार होती! तेव्हा त्यांच्या पदरी लहान मूल होतं.

स्वातंत्र्यानंतर नाना सत्तेच्या सावलीत बसले नाहीत. आधी शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. संयुक्त महाराष्ट्रासाठी पुन्हा रस्त्यावर. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून ते खासदार झाले. दिल्लीतही त्यांनी आपली मराठी सोडली नाही. सभेत ग्रामीण बोलीत, कीर्तनकारासारखे हसवत हसवत बोलायचे, म्हणून बायकाही त्यांचं भाषण ऐकायला थांबायच्या.

६ डिसेंबर १९७६ ला मिरजेत नाना गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे वाळव्यात त्यांना अग्नी दिला. हौसाताई मात्र पुढे पंचेचाळीस वर्षं राहिल्या. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्या गेल्या तेव्हा पंचाण्णव वर्षांच्या होत्या.