दुरून उंची मोजणारे भास्कराचार्य

आपल्या धारच्या राजा भोजाने अनेक विद्वानांचा मान राखला. त्यांतले एक भास्करभट्ट. भोजाने त्यांना ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. त्यांच्याच वंशात शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मध्ये थोर गणिती भास्कराचार्य जन्मले.

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. आम्हा बँकेतल्या माणसांना त्यातली व्याजाची उदाहरणे जवळची वाटतात. पण जिथे हात पोचत नाही तिथली उंची काढण्याची रीत त्याहून सुंदर आहे.

उंचावर दिवा आहे. १२ अंगुळांची काठी उभी केली, सावली ८ अंगुळे पडली. तीच काठी दिव्यापासून आणखी २ हात, म्हणजे ४८ अंगुळे, दूर नेली. सावली १२ अंगुळे झाली. सावल्यांच्या टोकांमधले अंतर ४८ अधिक १२ वजा ८, म्हणजे ५२. त्याला काठीच्या १२ ने गुणून सावल्यांतल्या ४ च्या फरकाने भागले की दिव्याची उंची १५६ अंगुळे, म्हणजे साडेसहा हात. दिव्याखाली जावेच लागले नाही! ‘गोलाध्याया’त तर एका काठीवरून नजर लावून दूरच्या वेळूची उंची काढायला त्यांनी शिकवले. त्या साधनाचे नाव धीयंत्र, म्हणजे बुद्धीचे यंत्र.

अमेरिकेतल्या यलोस्टोनला जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे ३०-५० मीटर उडतात. जवळ गेले तर भाजण्याची भीती, म्हणून दूर उभे राहून कोन मोजतात आणि उंची काढतात. मूळ तत्त्व तेच, त्रिकोणाचे.

ही विद्या टिकली, कारण कोणीतरी ती शिकवत राहिले. नातू चांगदेवाने पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. पुढे आपल्या देवासहून भोपाळला जाताना लागणाऱ्या सिहोरला विल्किन्सन साहेबांच्या पाठशाळेत बापूदेव शास्त्री शिकले, आणि साहेबांनी केलेले ‘गोलाध्याया’चे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता पाळी आपली. घरात मराठी बोलणारी आपली नातवंडे गणिताला घाबरतात. संध्याकाळी त्यांना गल्लीतल्या दिव्याच्या खांबापाशी न्यावे, सोबत एक काठी आणि टेप असावा. दोनदा सावली मोजून खांबाची उंची त्यांनाच काढू द्यावी. भास्कराचार्यांची ओळख करून द्यायला याहून चांगली रीत आम्हाला दिसत नाही.