डॉ. पंजाबराव देशमुख आणि खेड्यांतील शाळा

कारंजाच्या बाजूस इंझोरीसारखीं जीं खेडीं आहेत, तेथील शेतकऱ्याच्या मुलास पुढें शिकावयाचें म्हणजे एके काळीं गांव सोडावें लागे. डॉ. पंजाबराव देशमुखांचें बाळपण असेंच गेलें. २७ डिसेंबर १८९८ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवीं ते जन्मले. गांवची शाळा संपतांच चांदूर, कारंजा आणि शेवटीं अमरावती अशी पायपीट त्यांच्या नशिबीं आली. १९२० सालीं ते विलायतेस निघाले, तेव्हां वडील शामरावांनीं जमीन गहाण टाकून पैसा उभा केला. पोराच्या विद्येपायीं जमीन अडकणें म्हणजे काय, तें शेतकरीच जाणे!

१९२६ सालीं ते बॅरिस्टर होऊन परतले. वकिली सहज चालली असती. पण त्यांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढलें, जेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत. १९२८ सालीं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होतांच त्यांनीं कर वाढवून प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. कर वाढविणारा पुढारी लोकांस सहसा रुचत नाहीं. तरी ते डगमगले नाहींत. १९३२ सालीं त्यांनीं स्थापिलेल्या श्रीशिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा मग वऱ्हाडांत गांवोगांव निघाल्या, आणि कुणब्याच्या पोरास घरची भाकर खाऊन शिकतां येऊं लागलें. पुढें १९५२ ते १९६२ ते केंद्रांत कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजीं दिल्लीस त्यांचें देहावसान झालें.